पेट्रोलच्या नळीची क्लिप आणि तुमचं नाक

अहो, आज सकाळी तुमच्या फोटोपुढं मी उदबत्त्या लावत होते, तर नगरच्या मावशी म्हणाल्या, "अगं, एवढ्या कशाला लावतेस? रमणला कुठं वास यायचा!" भेटायला आलेल्या बाया हसल्या. दुःखाच्या घरात हसलो हे लक्षात आल्यावर सगळ्यांनी पटापट डोळ्यांना पदर लावले. मीही लावला. माझा पदर मात्र हसू लपवायला होता. तुमचं नाक ठणठणीत होतं, आणि हे या घरात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. गंमत म्हणजे, मला ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. निदान इतकी वर्षं मी तरी असंच धरून चालले होते.

आपण दोघं गाडीत तासन् तास शेजारी बसलो, पण हे एवढं बोलायचं राहिलं. आता बोलून घेते. मध्येच "अगं, तसं नव्हतं ते" म्हणून तोंड घालायची तुमची सोय राहिलेली नाही.

खरं म्हणजे आधी तुमचं नाक गेलंच होतं, हे मी मान्य करते. आपल्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तुम्ही तापानं पंधरवडाभर अंथरुणाला खिळलात आणि उठलात तेव्हा वास गेलेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीतर नाहीही येणार. आपलं दुकान सगळं वासावर चालणारं. चहापत्ती, वेलची, हिंग, उदबत्त्या. तुम्ही हिंगाच्या डबीत नाक घालून बसायचात आणि लहान मुलासारखे हिरमुसले होऊन डबी बंद करायचात. मला तेव्हा तुमची फार दया यायची. दया हा शब्द नवऱ्याबद्दल वापरू नये म्हणतात, पण नवीन लग्नात प्रेमाला अजून नाव सापडलेलं नसतं, तेव्हा दयाच असते.

मंचरच्या त्या घरात मी पहिलं वर्ष कसं काढलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुकानाच्या मागं घर, घराच्या मागं गोदाम. सुनेनं दुकानात यायचं नाही. पुढच्या रस्त्यावरून कांदा-बटाट्याचे ट्रक रात्रंदिवस जायचे, त्यांच्या आवाजावरून मी भरलेला कुठला आणि रिकामा कुठला ते ओळखायला शिकले होते. पापड वाळत घालायला गच्चीवर गेले की लांब पश्चिमेला डोंगरांची निळी रेघ दिसायची. तिथं काय आहे, असं मी एकदा तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तळेघर. आपली मंगळवारची लाईन." मला ते नाव ऐकूनच झोप उडाल्यासारखं झालं. तुम्ही दर आठवड्याला त्या निळ्या रेघेत चहा पोचवून परत येत होता आणि मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग पिंपळवंडीचा चहा परत आला.

तुम्हाला आठवतंय ना? तिथला दुकानदार पेटी घेऊन एसटीनं थेट मंचरला आला आणि दुकानाच्या पायरीवर ती आदळून म्हणाला, "शेठ, ह्यो चहा हाय का रॉकेल? गिऱ्हाईक माझ्या तोंडावर थुकायचं बाकी ऱ्हायलंय!" बापूजींनी, तुमच्या वडिलांनी, पेटी उघडली आणि चेहरा असा केला की मला आतल्या दारातूनही कळलं. चहापत्तीला शेजारचा वास फार पटकन लागतो. आपल्या पांढऱ्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, आणि चहाच्या पेट्या त्याच्या बरोब्बर मागं. मिलिंद मिस्त्रीला स्टँडमागच्या गॅरेजातून बोलावलं. त्यानं सीट उचलली, बॅटरी मारली, आणि दोन बोटांत एक गंजलेला तुकडा धरून वर आणला.

"क्लिप मोडलीया, शेठ. नळी नुसती अडकवून ऱ्हायलीया. पेट्रोल पाझरतंय, किती दिस झालं असतील द्येव जाणे. तुमाला वास न्हाई आला?"

मिलिंदला तुमच्या नाकाचं माहीत नव्हतं. तुम्ही मान खाली घातलीत, आणि मी आत उभी राहून दाराची कडी घट्ट धरली. पत्तीचं सोडा, गाडीनं पेट घेतला असता तर तुम्हाला ते कळलंही नसतं.

बापूजींनी दोन दिवस विचार केला. गाडीवर नोकर ठेवायचा तर तो विड्या ओढणार, आणि पेट्रोल गळत असेल तिथं विडी म्हणजे आगीत तेल. तुमचे थोरले भाऊ, भाईजी, दुकान सोडू शकत नव्हते. शेवटी जेवताना बापूजी म्हणाले, "सुनेला ने. तिचं नाक चांगलं आहे. आमच्या घरात कांदा नाही, लसूण नाही, अशा घरातलं नाक तेज राहतं." अख्ख्या कांद्याच्या गावात कांदा न खाणारे आपण, त्याचा असा फायदा होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझी पोळी तव्यावरच राहिली आणि करपली. भाईजी म्हणाले, "काहीतरी करपतंय." तुम्ही निर्विकार जेवत होता. तेव्हा तुम्हाला खरंच वास येत नव्हता.

तर अशी मी गाडीचं नाक झाले.

आता आठवताना त्या सगळ्या फेऱ्यांची मिळून एकच फेरी होते. घोडेगाव मागं पडतं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी उजव्या बाजूला येतं, कधी भरलेलं, कधी तळाला गेलेलं, आणि त्या एकाच फेरीत माझ्या मांडीवर आपली पूजा तान्ही असते आणि मागच्या सीटवर शाळेच्या पिशवीसकट तीच पूजा झोपलेली असते. उतारावर नाचणी हिरवी असते आणि लगेच कापलेली असते. पायी चालणारी माणसं दिसतात. तिकडं एसटी कमी, माणसं चालतातच. तुम्ही कुणाला तरी गाडीत घेता, तो माणूस वाऱ्यानं लाल झालेल्या डोळ्यांनी बाहेर बघत राहतो आणि एका वळणावर "हितंच, राव" म्हणून उतरून धुक्यात शिरतो. मी दर थोड्या वेळानं नाक वर करून हुंगते. तुम्ही विचारता, "काही?" मी म्हणते, "काही नाही." आपल्या संसारातलं हेच सगळ्यात जास्त वेळा झालेलं बोलणं असेल, आणि मला ते अजून झोपेत ऐकू येतं.

घरात तुम्ही माझ्याशी फार बोलायचा नाहीत, वडीलधाऱ्यांसमोर बोलायचं नाही म्हणून. गाडीत मात्र तुम्ही बोलका पोपट. कुठल्या दुकानदाराच्या पोरीचं कुणाशी जुळलंय, कुठल्या सरपंचाला वेलचीची चहापत्ती लागते, सगळं. एकदा तुम्ही गायलातही. फार वाईट गायलात.

क्लिपांचं कामही मी तिथंच शिकले. पेट्रोलच्या फिल्टरच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि पंपाकडं दोन, अशा चार जागा. आधी इंजिन गार होऊ द्यायचं. पक्कडीनं क्लिपचे दोन कान दाबले की तिची मिठी सुटते, मग ती नळीवर मागं सरकवायची. नळी ओढायची नाही, फिरवत फिरवत काढायची, नाहीतर चिरते. टोक कडक झालं असेल तर तेवढं कापून टाकायचं. मग नवी क्लिप आधी नळीत घालायची आणि नंतर नळी बसवायची. हा क्रम तुम्ही निम्म्या वेळा विसरायचात. नळी चढवून मोकळे व्हायचात आणि क्लिप हातातच! मी तुमच्याकडं बघायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "बघू नकोस अशी. पक्कड दे."

आपलं भांडण ठरलेलं. माझं म्हणणं, एक मोडली की चारही बदला, सगळ्या एका वयाच्या आहेत. तुमचं म्हणणं, जी मोडली ती बदलायची, बाकीच्यांनी काय पाप केलंय? मी म्हणायचे, रस्त्यात मोडली तर? तुम्ही म्हणायचात, "मोडेल तेव्हा बघू." मिलिंदला पंच केलं, तर तो पान चघळत म्हणाला, "वयनींचं बरुबर हाय. पन शेठचंबी बरुबर हाय. मला काय, दोन्हीकडनं मजुरीच हाय." हे भांडण कधी मिटलं नाही. तुम्हाला ते मिटवायचंच नव्हतं, असं मला आता वाटतं.

आणि आता तो धुक्याचा मंगळवार.

आदल्या रात्रीपासून मला पडसं झालं होतं. नाक दगड होऊन बसलेलं. सांगितलं असतं तर बापूजी म्हणाले असते, मग आज राहू दे. आणि एकदा राहू दे झालं की पुढं कायमचं राहू दे व्हायला किती वेळ? मी गुपचूप नाकाला बाम चोळला, डोकं पदरात घेतलं आणि गाडीत येऊन बसले. डिंभ्याच्या पुढं तर धुकं असं उतरलं की समोरचा रस्ताही तुमच्या अंदाजानं पुढं पुढं उलगडत होता. गाडी चालतेय की थांबलीय तेही कळेना. झाडं आपण होऊन जवळ येत होती आणि मागं जात होती. तुम्ही विचारलंत, "काही?" मी हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाले, "काही नाही."

थोड्या वेळानं तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा तेच सांगितलं. तुम्ही स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग एकदम गाडी कडेला घेतलीत, चावी काढलीत आणि म्हणालात, "खाली उतर. लांब उभी राहा. जरा लांब."

"का?"

"इंजिनाचा आवाज वेगळा येतोय."

अहो, मी तोवर त्या गाडीत इतकी बसले होते की तिचा श्वासन् श्वास ओळखत होते. आवाज जराही वेगळा नव्हता. मी धुक्यात उभी राहिले. तुम्ही सीट उचललीत, वाकलात आणि कितीतरी वेळ वाकलेलेच राहिलात. मी हळूच जवळ आले. फिल्टरजवळची क्लिप मोडून पडली होती, आणि नळीच्या तोंडातून पेट्रोल गरम लोखंडावर ठिबकत होतं. प्रत्येक थेंब पडला की नुसता धूर व्हायचा. मला वास येत नव्हता, आणि तुम्हाला आला होता. ठिबकायला लागल्यापासूनच आला असणार. मी "काही नाही" म्हणत होते आणि तुम्ही गाडी थांबवायला निमित्त शोधत होता.

तुम्ही मागं वळून बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी पटकन म्हणाले, "आवाज खरंच वेगळा येत होता. मलाही वाटलंच." तुम्ही म्हणालात, "तरी म्हटलं." आणि आपण दोघांनी मिळून त्या बिचाऱ्या इंजिनावर खोटा आळ घेतला.

जादा क्लिप गाडीत नव्हती. कशी असेल? मोडेल तेव्हा बघणारे आपण! चहाच्या पेटीला बांधलेली तार सोडवून तुम्ही ती नळीवर पिळलीत आणि गाडी रांगत रांगत तळेघरला आणलीत. ठकूबाईच्या दुकानापाशी पोचलो तेव्हा तिनं कंदील लावला होता. ती आपलं जुनं गिऱ्हाईक, चहापत्तीपेक्षा गप्पा जास्त घेणारी. तिनं भात रांधला होता, डोंगरातला वासाचा तांदूळ, आणि आपल्याला आग्रह करून बसवलं. मी म्हणाले, "ठकूबाई, सूर्य मावळल्यावर आम्ही जेवत नाही."

"आवं वयनी, सूर्व्या मावळला ह्ये कुनी बघितलं?" ती म्हणाली. "तीन दिस झालं, त्यो उगवलेलाबी न्हाई बघितला आमी."

तुम्ही गंभीरपणे दारात गेलात, धुक्यात इकडंतिकडं बघितलंत आणि परत येऊन मांडी घालून बसलात. "दिसत नाही म्हणजे मावळला असं कसं म्हणता येईल?" मी तुमच्याकडं डोळे वटारून बघत होते. बापूजींना कळलं असतं तर आपल्या दोघांनाही उपास करायला लावले असते. तो सूर्य मावळला होता की नव्हता, यावर आपण पुढं किती वर्षं भांडलो! मी अजूनही म्हणते, मावळला होता. पण त्या दिवशी मीही जेवले. भाताची ताटली पुढं आली तेव्हा तुम्ही तिच्यावर वाकलात आणि क्षणभर डोळे मिटलेत. बस्स, तेवढंच. मला वाफ नुसती गालांना लागत होती, वास शून्य. तो भात कसा दरवळत होता हे मी त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

घरी परतताना मला राग आला होता का? सुरुवातीला आला. इतके दिवस मला फसवलं, असं वाटलं. मग घोडेगावच्या दिव्यांपाशी अचानक माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमचं नाक बरं झालं हे घरात कळलं असतं तर माझी सीट गेली असती. बापूजींनी त्याच दिवशी मला घरात बसवलं असतं आणि माझ्या जागी चहाच्या दोन पेट्या जास्त ठेवल्या असत्या. म्हणून तुम्ही हिंगाच्या डबीसमोर, मोगऱ्याच्या गजऱ्यासमोर, उदबत्तीसमोर, घरच्या-दारच्या प्रत्येक माणसासमोर बिननाकाचे होऊन बसलात. दिवाळीत तुपातल्या बेसनाच्या घमघमाटात जाऊबाईंनी विचारलं, "आला का हो वास?" तुम्ही मान हलवलीत. अहो, बेसनाच्या लाडवांसमोर खोटं बोलणं म्हणजे काय खायचं काम आहे?

मी खात्री करून घेतलीच, ते तुम्हाला सांगते. पुढच्या खेपेला पिंपळवंडीला जाताना मुद्दाम केसात मोगरा माळला, दाट, भरगच्च. तुम्ही काही म्हणाला नाहीत. समोर बघत गाडी चालवत राहिलात. फक्त नारायणगावच्या पुढं हायवेला लागल्यावरही तुमची गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले. पिंपळवंडीचा दुकानदार म्हणाला, "आज लई उशीर केला, शेठ?" तुम्ही म्हणालात, "क्लिपचा जरा घोटाळा होता." मी पदर पुढं ओढून घेतला. त्या दिवशीइतकी सुखी मी पुन्हा क्वचितच झाले असेन.

मग वर्षं गेली. बापूजी गेले. पूजा पुण्याला सासरी गेली. गाड्या बदलल्या, लोकांनी डिझेलचे टेम्पो घेतले, आपली व्हॅन मात्र तीच. आता तर सुनांनी घरात बसावं असं म्हणणारंही कुणी उरलं नव्हतं, तरी तुम्ही वास येतो म्हणून कबूल केलं नाहीत आणि मी तुम्हाला पकडलं नाही. सवय होऊन गेली होती. कबूल केलं असतं तर पुढं काय बोलायचं, हेही कदाचित आपल्याला ठाऊक नव्हतं.

पण एका गोष्टीसाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. छातीत कळ येतेय असं तुम्ही पहिल्यांदा म्हणालात ते गाडीतच, घोडेगावच्या चढाला. मी म्हणाले, पुण्याला जाऊ, पूजाकडं राहू, सगळ्या तपासण्या करून घेऊ. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मोडेल तेव्हा बघू." मला ते हसू तेव्हाच आवडलं नव्हतं. मी भांडले, रुसले, दोन दिवस जेवले नाही. आणि एक दिवस तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसलात ते पुन्हा उठलाच नाहीत. अहो, गाडीची क्लिप आणि माणसाची छाती यांत काही फरक करायचा होता की नाही? इतकी वर्षं मी गाडीतलं बारीकसं पाझरणंसुद्धा शोधत बसले आणि शेजारी तुम्ही आतल्या आत चिरत होता, ते मला कळू दिलं नाहीत. मला तुमचा फार राग येतो. सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी राग येतो, आणि मग तुम्ही नाही हे आठवतं.

आता खरी गोष्ट सांगते, जी मला गेल्या आठवड्यात कळली. रडून रडून माझं नाक बंद झालं होतं. पूजाचा फोन आला. मी नुसतं "बोल" म्हणाले, तर पोरगी पलीकडून म्हणाली, "आई, नाक बंद आहे का गं तुझं? आवाजच कसा येतोय!" एका शब्दावरून तिला पुण्यात कळलं. आणि धुक्याच्या त्या मंगळवारी तर मी मंचरपासून तुमच्या शेजारी बसून, नाकात बोलत, बामाचा वास मारत, पदरात नाक पुसत आले होते! तुमचं नाक शाबूत होतं, कान तर त्याहून शाबूत. म्हणजे मला वास येत नाही हे तुम्हाला दारातच कळलं होतं. तरी तुम्ही मला नेलंत. तरी दर थोड्या वेळानं विचारत राहिलात, "काही?" आणि मी सांगत राहिले, "काही नाही." वास यायचा नाही हे माहीत असलेलं नाक तुम्ही तळेघरपर्यंत जपून नेलंत.

तेव्हा अहो, तुमचं गुपित मला ठाऊक आहे हेही तुम्हाला त्याच दिवशी कळलं असणार. मी "मलाही आवाज वेगळा वाटला" म्हणाले तेव्हाच. मी इतकी वर्षं स्वतःला हुशार समजत होते.

हे कळल्यावर मी हसले. रडायला मात्र आलं नाही. रडायचं ते सगळं लोकांसमोर, भेटायला येणाऱ्यांच्या वेळांप्रमाणे रडून झालं होतं. हे निराळं होतं. याला घरात जागा नव्हती.

चार दिवसांपूर्वी भाईजींनी गाडी विकायला काढली. त्यांचंही चुकीचं नाही, चालवणारं कोण आहे? आळेफाट्याचा एक भाजीवाला बघायला आला, सोबत मिलिंद. भाजीवाला म्हणाला, "पेट्रोलची गाडी हाय, गळती-बिळती नाय ना?" भाईजी अभिमानानं म्हणाले, "आमच्या घरात त्याची पारख असलेलं माणूस आहे." मग त्यांनी आतल्या दाराकडं तोंड केलं. तुम्हाला माहीतच आहे, धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही म्हणून ते माझ्याशी कायम दाराशी, नाहीतर भिंतीशी बोलत आले. ते दाराला म्हणाले, "जरा बाहेर येऊन गाडीचा वास बघावा."

मी बाहेर आले. तुमच्यानंतर पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पाय टाकला. गाडीचं दार उघडून आत वाकले. चहापत्तीचा वास होता, जुन्या रेक्झिनचा होता. पेट्रोलचा नव्हता. मिलिंदनंच दिवाळीला चारही क्लिपा नव्या बसवल्या होत्या, माझ्या हट्टापायी. मी सरळ उभी राहिले आणि म्हणाले, "येतोय. आत कुठंतरी पाझरतंय."

भाजीवाल्यानं डोकं आत घातलं, हुंगलं आणि म्हणाला, "व्हय व्हय, येतोय खरा!" मिलिंदनं माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग जमिनीकडं. "जुनी गाडी हाय, पावणं," तो म्हणाला. "कुटं पेटल, काय सांगावं." भाजीवाला चहा पिऊन निघून गेला. तुमच्यासारखं सरळ तोंडानं खोटं बोलायला मलाही जमलं. शिकवणारा माणूस चांगला होता.

भाईजी बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मग भिंतीला म्हणाले, "तळेघरची दुकानं चहासाठी खोळंबली आहेत. मंगळवारी मीच गाडी काढतो. वास बघायला कुणीतरी लागेल."

काल मंगळवार होता.

पहाटेच मावशींनी विचारलं, महिनाही झाला नाही आणि घरातून निघालीस? भाईजी म्हणाले, "कामाला चाललोय." मी मागच्या सीटवर बसले. भाईजी तुमच्यापेक्षा वाईट गाडी चालवतात, ब्रेक दाबताना "अरे अरे" म्हणतात. डिंभ्याचं पाणी दिसलं. पुढं डोंगर सुरू झाले, ऊन-सावली, कुठं कुठं शेतातून नाचणीची ताटं उभी. तुमची सीट भरलेली होती आणि माझी, पुढची डावी, रिकामी.

एका वळणावर भाईजींनी गाडी कडेला घेतली. काचेतून समोर बघत, माझ्याकडं मान न वळवता, पण भिंतही नव्हती आणि दारही नव्हतं, म्हणून ते मलाच म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही गाडीत बसा आणि नीट बघून घ्या. घाई नाही. मी तिकडं लांब उभा राहतो."

ते उतरले, रस्ता ओलांडून पलीकडच्या कड्यापाशी गेले आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. मी पुढं येऊन माझ्या सीटवर बसले. दार लावून घेतलं. आणि मग मला रडायला आलं, मोठ्यानं, घसा फाटेपर्यंत, तुमच्या नावानं. घरात असं कधीच रडता आलं नव्हतं. भाईजींनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. ऊन वर सरकलं, एक एसटी गेली, रस्त्यानं चालणारी दोन माणसं त्यांच्याशी काहीतरी बोलून पुढं गेली, आणि ते तसेच उभे राहिले.

मी हाक मारल्यावर ते परत आले. मी पुढंच बसून राहिले, आणि त्यांनी गाडी सुरू केली.